सुप्रभात सर, आपली आज्ञा?

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सकाळी सर्व्हरच्या आधी आम्ही उठायचो. म्हणजे खुर्चीवरून. सर काचेच्या आतल्या खोलीत जायचे, सर्व्हरचं बटण दाबायचे आणि मागे न बघता एक हात वर करायचे. त्या हाताचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

"उभे राहा रे. सर्व्हर उठून राह्यला."

मग तो पूर्ण उठेपर्यंत आम्ही उभे. कोणी बसलेलं दिसलं तर सर अंगठीनं काचेवर टकटक करायचे. "घरी बाप उठल्यावर तू लोळत पडतो काय बे?"

मला वाटलं, सगळीकडे असंच असतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे कॉलेजमधलं काय कॉलेजचं आणि काय फक्त सरांचं, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. पहिलं वर्षभर कॉम्प्युटर ही चपला काढून, उभं राहून सुरू करायची वस्तू आहे असंच मी समजत होते. दिवाळीच्या सुट्टीत हिंगणघाटच्या मैत्रिणीकडे गेले होते. तिनं लॅपटॉप उघडला आणि मी पलंगावरून उठून उभी राहिले. तिची आई म्हणाली, "बस नं वं, काऊन उभी राह्यली?" 

सर पन्नाशीचे असावेत. पांढरा शर्ट, खिशात दोन पेन. त्यातलं एक लिहायला आणि दुसरं पंख्याचं बटण दाबायला, कारण त्या बटणाला शॉक लागायचा. बटण दुरुस्त करावं असं तीन वर्षांत कोणाला वाटलं नाही, पेन मात्र सर वेळोवेळी बदलायचे. सरांचं पद नेमकं काय, हे विद्यार्थ्यांपैकी कोणाला माहीत नव्हतं. दारावरच्या पाटीवर सरांच्या नावापुढे 'लॅब सहायक' असं लिहिलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. कारण पाटीशेजारी एक खिळा होता, खिळ्याला कॅलेंडर होतं, आणि ते बरोबर 'सहायक' या शब्दावर यायचं. त्यामुळे दारात उभं राहिलं की सरांचं नाव आणि पुढे नुसतं 'लॅब' एवढंच दिसायचं. सर आणि लॅब ही एकच गोष्ट आहे, असं वाटायचं. सरांनाही ते तसंच वाटत असावं.

सर्व्हर उठला तरी लगेच बसायचं नसायचं. त्यानंतर सरांचा प्रोग्राम असायचा. हा प्रोग्राम सरांनी नोकरीच्या सुरुवातीला स्वतः लिहिला होता. सरांनी आयुष्यात लिहिलेला तो एकमेव प्रोग्राम, असं सीनियर मुलं म्हणायची. मला ते खात्रीनं माहीत नाही. सर आपलं नाव टाकून आत शिरले आणि तो सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत यायचं:

सुप्रभात सर. आपली आज्ञा?

सर एका बोटानं टाइप करायचे, 'सुरू कर'. दुसरं काहीही टाइप केलं, किंवा काहीच केलं नाही, तर तो पुन्हा तेच विचारायचा. एकदा सरांकडून अक्षर चुकलं आणि त्यानं पुन्हा सुप्रभात म्हटलं, तर सर आमच्याकडे वळून अभिमानानं म्हणाले, "पाह्यलं? खात्री केल्याशिवाय हात नाई लावत कशाले."

मग एकेक प्रश्न. डेटाबेस सुरू करू का सर? कर. ग्रंथालय सुरू करू का सर? कर. आणि शेवटी, हजेरी सुरू करू का सर?

इथे सर थांबायचे. ही हजेरी आमची नव्हती, प्राध्यापकांची होती. ऑफिसबाहेर अंगठा लावायचं मशीन होतं आणि ते या सर्व्हरला जोडलेलं होतं. सर 'कर' म्हणेपर्यंत ते कोणाचा अंगठा घेत नसे, त्यामुळे तोवर कोणाला उशीरही होत नसे. सरांच्या खिडकीतून कॉलेजचं फाटक दिसायचं. गणिताच्या सरांची गाडी अजून आत आलेली नसेल, आणि आदल्या दिवशी त्यांनी चहा पाजलेला असेल, तर सर कीबोर्डवरून हात उचलून चष्मा पुसायला घ्यायचे. "आज सर्व्हर जरा आळसावला," ते म्हणायचे. ज्यांनी चहा पाजला नसेल त्यांच्या नशिबी सर्व्हर फार चपळ असायचा. कॉलेजातले डॉक्टरेट झालेले लोक लॅब सहायकाला 'सर' का म्हणतात, हे कोडं मला असं सुटलं.

हे सगळं मी गंमत म्हणून सांगत नाही. त्या उभं राहण्यात आमच्या प्रॅक्टिकलचा बराच वेळ जायचा. मी अल्लीपूरहून बसनं यायचे. एक बस चुकली की दुसरी केव्हा येईल हे ड्रायव्हरलाही माहीत नसायचं, म्हणून मला लवकर निघावं लागायचं. धावतपळत वर्ध्याला पोचून चष्मा पुसणं बघत उभं राहायचं, हे मला जड जायचं.

दुसऱ्या वर्षी शिकताना कळलं की यातलं काहीच गरजेचं नव्हतं. आमचा सर्व्हर लिनक्सवर चालायचा. लिनक्सला आधीच सांगून ठेवता येतं की बाबा, तू उठलास की अमुक अमुक कामं आपणहून सुरू कर. चार-सहा ओळींची एक फाइल लिहायची, ठरलेल्या जागी ठेवायची आणि ती लागू कर असं एकदा सांगायचं. झालं. आमच्या शेतातल्या मोटरीला बाबांनी ऑटो लावलाय, तसंच. लाइन आली की मोटर सुरू होते. बाबा घरी जेवत असतात. मोटर त्यांना विचारायला घरी येत नाही.

मी धीर करून सरांना विचारलं. "सर, आपल्या सर्व्हरला ऑटो लावला तर?"

 सर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "जे आपोआप उगवते ते तण. पीक पेरा लागते."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. हे वाक्य सरांचं ठरलेलं होतं. मुलांच्या वाढलेल्या दाढीपासून प्रेमविवाहापर्यंत ते सगळ्याला चालायचं. मी शेतकऱ्याची मुलगी. पेरलेलंही शेवटी आपणहूनच उगवतं, कोणी रोज सकाळी शेतात जाऊन एकेक रोप वर ओढत नाही, हे उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. परतीच्या बसमध्ये सुचलं. मला सगळी उत्तरं त्या बसमध्येच सुचतात.

सरांचं वैभव बघायचं असेल तर लाइट गेलेली असताना बघायला हवं होतं. सर्व्हरची बॅटरी मेलेली होती आणि नवी घ्यायला सरांचा विरोध होता. "बॅटरीवर चालला तं त्याले मालकाची किंमत राह्यत नाई," असं त्यांचं म्हणणं. एकदा ऑनलाइन चाचणीच्या मधेच लाइट गेली. आली, पण सर नव्हते. नालवाडीला पुतण्याच्या लग्नात होते. प्राचार्यांनी स्वतःची गाडी पाठवली. सर आले ते फेटा बांधलेले, केसांत नाही पण फेट्याच्या घड्यांत अक्षता. पायात नवे बूट. सगळं कॉलेज खोळंबलेलं आणि सर दारात वाकून बुटाच्या नाड्या सोडताहेत, असं ते दृश्य होतं. प्राचार्य म्हणाले, "राहू द्या हो सर, आज बुटानंच जा." सर वर न बघता म्हणाले, "सर, मी गेलो असतो. तो उठला नसता."

तो उठला. सर त्याच गाडीतून परत गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पंगत थांबली होती माह्यासाठी. नवरदेवासाठी नाई थांबली, पण माह्यासाठी थांबली."

शेवटच्या वर्षाला मात्र हे सगळं माझ्या अंगावर आलं.

माझा प्रोजेक्ट ग्रंथालयाचा होता. पुस्तक जागेवर आहे की कोणी नेलंय, हे मोबाइलवर कळावं, एवढाच. गावाहून येणाऱ्या मुलींची एक खेप वाचेल असं मला वाटायचं. तो कॉलेजच्याच सर्व्हरवर चालवून बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना दाखवायचा, असा नियम होता. तो चालला नाही तर निकाल अडकणार, आणि निकाल अडकला तर नागपूरचा एमसीएचा प्रवेश हुकणार. बाबांनी घरात सांगून ठेवलं होतं, "पोरगी शिकते तं शिकू द्या. पण साल वाया गेलं तं मंग पाहू." 'मंग पाहू' म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या मोठ्या बहिणीचं मंग पाहू झालं. तिला आता दोन मुलं आहेत.

परीक्षेची तारीख लागली आणि सरांनी सांगितलं की त्या दिवशी ते नसणार. सरांच्या मिसेसचा गुडघा बरा झाला होता आणि गिरडच्या दर्ग्याला बोललेला नवस फेडायचा होता. घरचे सगळे जाणार, तिथेच स्वयंपाक करून जेवणार. आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "सर, दुसऱ्या दिवशी नाही का जमणार?"

"मॅडम, नवस बोलताना तारीख बी बोललो. तुमची बदलवा."

"परीक्षक नागपूरहून येणार आहेत. मग असं करा, सर्व्हरला ऑटो लावून जा."

 सरांनी खिशातलं पंख्याचं पेन काढलं, परत ठेवलं. "ऑर्डर हाय काय?"

"ऑर्डरच समजा."

"ऑर्डर हाय तं लावतो."

आदल्या दिवशी सरांनी ऑटो लावला. म्हणजे त्यांनी काय केलं, तर आपला तोच प्रोग्राम, सुप्रभातसकट, जसाच्या तसा उचलला आणि मशीन उठताना जी कामं आपणहून सुरू होतात त्यांत नेऊन ठेवला. मला म्हणाले, "लावला तुहा ऑटो. आता रडू नको."

मी विचारलं, "सर, पण तो आज्ञा विचारतो ना?"

"विचारन. रीत हाय त्याची."

"मग उत्तर कोण देणार?"

"तू लय प्रश्न विचारतं."

"एकदा बंद-चालू करून बघायचं का सर?"

"नवसाच्या तोंडावर अपशकुन नको करू," सर म्हणाले, आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे सर्व्हर बंद करून, दाराला हात लावून नमस्कार करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई काकांनी बटण दाबलं. आम्ही सवयीनं उभे राहिलो. पडद्यावर आलं: सुप्रभात सर. आपली आज्ञा? खाली पुन्हा तेच. त्याखाली पुन्हा. मग ओळी इतक्या वेगानं वर सरकायला लागल्या की वाचताही येईना. सुप्रभात सर, सुप्रभात सर, सुप्रभात सर. मशीन उठताना जे काम आपणहून सुरू होतं त्याला कीबोर्ड ऐकू येत नाही. त्याला उत्तर म्हणून नुसतं रिकामं मिळतं. आणि रिकामं उत्तर मिळालं की पुन्हा विचारायचं, असं सरांनीच त्याला शिकवलं होतं. हे काम संपेपर्यंत मशीन पुढेही जात नव्हतं, नाव टाकायची जागासुद्धा देत नव्हतं. ते फक्त नमस्कार करत होतं.

परीक्षक आले तेव्हाही ते तेच करत होतं. वर्ध्याचं एप्रिलचं ऊन, त्यांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला होता. तो सोडत सोडत ते काचेपाशी गेले.

"हे कोणाला म्हणतंय?"

मॅडम म्हणाल्या, "ते... आमच्या लॅबच्या सरांना."

"कुठे आहेत ते?"

"गिरडला."

"मग हे किती वेळ असं म्हणणार?"

"सर येतपर्यंत," शिपाई काका म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मॅडमनी सरांना फोन लावला. दर्ग्याच्या टेकडीवर रेंज येत-जात होती. शेवटी लागला आणि मॅडमनी तो माझ्या हातात दिला. मागे भांड्यांचा आवाज, बायकांचा आवाज. मी सगळं सांगितलं.

"मंग टाइप कर नं, 'सुरू कर'."

"केलं सर. ऐकत नाही."

"कसा ऐकन? माह्या बोटाची सवय हाय त्याले." सरांचा आवाज काळजीचा नव्हता. खरं सांगायचं तर आनंदाचा होता. "काही हात नोका लावू. पंगत उठली का निघतो. परीक्षा थांबवून ठेवा."

परीक्षक म्हणाले, "मला संध्याकाळी परत जायचंय. आणि बेटा, मला जे दिसेल तेच लिहावं लागतं. आत्ता मला सुप्रभात दिसतंय."

मला बहिणीचा चेहरा आठवला. मी मॅडमना म्हणाले, "मॅडम, मी बघू का?" हे मी इतक्या हळू म्हणाले की त्यांनी "काय?" विचारलं आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"बिघडलं म्हणजे?"

"मॅडम, बिघडलेलंच आहे."

मला हे कसं येत होतं, तर मीही असंच करून बसले होते. मैत्रिणीच्या भावाचा जुना लॅपटॉप माझ्याकडे होता. सरांनी तण म्हटल्यावर मी त्यावर ऑटो लावून पाहिला आणि न संपणारं एक काम त्याच्या उठण्यात घालून ठेवलं. लॅपटॉप उठेचना. चार-पाच दिवस रडले, मग शोधलं. मशीन उठायला लागतं तेव्हा त्याला मधेच अडवून, बाकी काहीही सुरू न करता नुसतं आत शिरायची एक वाट असते. तिथे जाऊन अडकलेलं काम काढून टाकायचं.

तसंच केलं. हात इतके घामेजले होते की कीबोर्ड ओढणीनं पुसावा लागला. सुप्रभात थांबलं. नाव टाकायची जागा आली. मग मी डेटाबेससाठी आणि माझ्या ग्रंथालयासाठी दोन छोट्या फाइली लिहिल्या, कामं सुरू केली, आणि माझं पान उघडलं. परीक्षकांनी एका पुस्तकाचं नाव टाकलं. पान म्हणालं, जागेवर आहे. काका खरोखर जाऊन कपाटातून ते घेऊन आले. मला इतका आनंद झाला की मी बसायचंच विसरले.

"छान," परीक्षक म्हणाले. "आता हे मशीन बंद करून परत सुरू कर."

मी केलं. मशीन उठलं. माझं पान मात्र आलं नाही.

 मॅडमनी डोळे मिटले. परीक्षक शांतपणे म्हणाले, "तू कामाला 'आत्ता सुरू हो' म्हणालीस. 'रोज उठल्यावर सुरू हो' असं म्हणालीस का?"

नव्हते म्हणाले. फाइल लिहून जागेवर ठेवली होती, पण ती लागू कर हे एकदा सांगायचं असतं, तेच राहिलं होतं. मी ती एक ओळ टाइप केली आणि मशीन पुन्हा बंद करणार, इतक्यात लाइटच गेली.

पंखे थांबले.  उन्हाळ्यात लाइट गेल्यावर वर्ध्यात जी शांतता होते ती तशीही फार दाट असते, त्यात माझं वर्ष अडकलेलं. मग लाइट आली. काकांनी बटण दाबलं. मुलं उभी राहिली. आम्हाला दुसरं काही येतच नव्हतं. कोणी काही टाइप केलं नाही, कोणी आज्ञा दिली नाही. परीक्षकांनी आपल्या मोबाइलवर पान उघडलं, पुस्तकाचं नाव टाकलं, आणि पडदा आमच्याकडे फिरवला.

"बसा आता," ते म्हणाले. "हे कोणाची वाट बघत नाही."

सर दुपारनंतर पोचले. कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, चष्म्यावर धूळ, हातात प्रसादाची पिशवी. दारात चपला काढल्या, काचेच्या खोलीत गेले आणि मागे न बघता हात वर केला. परीक्षक बसलेले होते, म्हणून आम्हाला काय करावं कळेना. आम्ही बसून राहिलो. तो हात बराच वेळ वर होता.

सर वळले. "कोणी सुरू केला?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "आपोआप झाला, सर."

सर खुर्चीवर बसले. थोड्या वेळानं उठून त्यांनी सगळ्यांना प्रसाद वाटला. परीक्षकांनाही दिला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य लॅबमध्ये आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, तुम्ही ऑटो लावून गेलात म्हणून मुलांची परीक्षा पार पडली. अभिनंदन." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. सर म्हणाले, "काही नाई सर. पेरून गेलो होतो, उगवलं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला पास व्हायचं होतं आणि मी पास झाले होते, त्यामुळे टाळ्या वाजवायला मला फार जड गेलं नाही.

राहिलेली हजेरीही मॅडमनी माझ्याकडून ऑटोवर करून घेतली. त्यानंतर काही दिवसांनी सरांनी मला पाण्याच्या कूलरजवळ गाठलं. ग्लास भरून घेतला, प्यायले नाहीत.

"पोरी, तो आता मले काही विचारतच नाई."

"सर, आता विचारायची गरज नाही ना त्याला."

"गरज नाई म्हणून काय झालं? घरी लग्न असलं का म्हाताऱ्याले विचारतेत का नाई? पोरगा ठरला, तारीख ठरली, हॉल बी बुक झाला. तरी येतेत, बसतेत, अन् विचारतेत, 'बाबा, करू नं?' म्हातारा म्हणते, 'करा.' आता तूच सांग, त्या म्हाताऱ्याले काय माहीत नसते?"

 याचं उत्तर मला बसमध्येही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सरांचा जुना प्रोग्राम परत आणला. या वेळी मशीनच्या उठण्यात नाही ठेवला. सर आपलं नाव टाकून आत शिरले की तो यायचा. सुप्रभात सर. आपली आज्ञा? सर लिहिणार, 'सुरू कर'. तो म्हणणार, सुरू केलं सर. प्रत्यक्षात सगळं आधीच सुरू असणार. एकाच जागी मी अडले. सर 'नको' म्हणाले तर? पूर्वी तो पुन्हा विचारायचा. मी बराच वेळ विचार करून तिथे लिहिलं, 'ठीक आहे सर.' पुढे काहीच लिहिलं नाही, कारण करायचं काहीच नव्हतं.

यंदा मार्कशीट घ्यायला नागपूरहून कॉलेजला गेले. लॅबच्या दाराला नवा रंग लागला होता. पाटी नवी, अक्षरं मोठी, 'लॅब सहायक'. खिळा काढून टाकलेला होता. कॅलेंडर आत टेबलावर उपडं पडलं होतं. सर काचेच्या खोलीत हाताची घडी घालून बसले होते.

"ये," ते म्हणाले. "आज बंद हाय सर्व्हर. त्यानं मले विचारलं, मी 'नको' म्हटलं. पाटी बदलत नाई तोपर्यंत नाई उठवत." आणि पडद्याकडे बोट केलं. तिथे लिहिलेलं होतं, ठीक आहे सर.

काचेच्या बाहेर पूर्ण वर्ग माना खाली घालून काम करत होता. पुढच्या रांगेत एक मुलगी माझ्या पानावर पुस्तक शोधत होती.

"तुहं ते पुस्तकाचं बी बंद झालं," सर म्हणाले. "वाईट नोको वाटून घेऊ."

"नाही सर."

इतक्यात गणिताचे सर चहा घेऊन आले. हजेरी आता आपणहून सुरू व्हायची आणि त्यांचा उशीर आपणहून नोंदला जायचा, तरी चहा येत होता. "सर, पोरांचं नुकसान होते," ते म्हणाले. "सोडा नं राग. करा सुरू."

सरांनी चहा सावकाश संपवला. मुलांकडे पाहिलं. "पोरांसाठी करून राह्यलो. पाटीचं मी विसरलो नाई." आणि मागे न बघता हात वर केला.

सगळा वर्ग उभा राहिला. काहींचा एक हात अजून माउसवर होता. मी काचेच्या खोलीबाहेर आले आणि पुढच्या रांगेतल्या त्या मुलीच्या शेजारी उभी राहिले. आत सर एका बोटानं टाइप करत होते. ती मुलगी पहिल्या वर्षाची असावी. तिच्या पडद्यावर पुस्तक सापडलेलं होतं. तिनं हळूच विचारलं, "ताई, सर सांगतेत, तुमी नागपूरले शिकता नं? तिथं बी असंच उभं राहा लागते काय?"

"नाही," मी म्हणाले. "उभं राहावं लागत नाही. बाकी असंच."